शेवंतामावशीचा मास्क

शेवंतामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भूमच्या आमच्या खव्याच्या कारखान्यात नव्या बायांना मास्क बांधायला शिकवत होते. "मॅडम, आत्या गेल्या..." एवढंच तिची सून बोलली. महिना झाला, अजून घास गोड लागत नाही.

मावशीनं उभी हयात गावातल्या लाकडाच्या भट्टीवर खवा आटवला. चिमूटभर खवा तळहातावर अंगठ्यानं चोळायची आणि सांगायची, "अजून पाणी हाय." आमच्या कारखान्यात वाफेच्या कढया आल्या, लाकूड बंद झालं, धूर गेला. शहरातली मोठी गिऱ्हाइकं हल्ली आधी लाकूड जाळता का, हेच विचारतात. कामावर बायका किती, हेही विचारतात. पण कढईवर पुरुष आणि डबे भरायला बायका, अशीच आमची रीत. मी मालकांशी भांडून मावशीला कढईवर उभं केलं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "पोरी, हितं डोळं बी चुरचुरत न्हाईत. आता म्या मरस्तोवर हितंच!"

बाकीच्या बाया उकडतं म्हणून मास्क हनुवटीखाली ओढायच्या. मावशी कधीच नाही. पाणीसुद्धा बाहेर जाऊन, पाठ करून प्यायची. मला केवढं कौतुक! तिचा फोटो काढून दारावर लावला, तपासणीला आलेल्या साहेबांना दाखवला. "जरा शिका मावशीकडनं," असं सगळ्यांना सुनावलं. जळली माझी अक्कल! खोकला असेल त्यानं कढईजवळ यायचं नाही, हा नियम मीच वाचून दाखवला होता. धुरानं छाती पार निकामी झालेली ती बाई मास्कच्या आत खोकला गिळत होती आणि मी त्याला शिस्त म्हणत होते.

शेवटी दवाखान्यात ठेवली तेव्हा तिला विचारलं, "मावशे, मला का न्हाय सांगितलंस?"

धापा टाकत म्हणाली, "सांगितलं असतं तर काय केलं असतंस गं?"

घरी पाठवलं असतं. दुसरं काय?

भट्टीवरून आलेल्या प्रत्येकीची छाती तपासा, औषधपाणी करा, तोवर दुसरं काम द्या, असं मी मालकांना सांगितलंय. ते "बघू" म्हणतात. बायांनाही सांगितलं, खोकला आला तर खुशाल सांगा, कुणाला काढणार नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. निम्म्याअधिक भट्टीवरूनच आलेल्या. मी आत असेपर्यंत एकही खोकत नाही. बाहेर येऊन दार लोटते, दोन पावलं टाकते... आणि मग आतून खोकला ऐकू येतो. एकीचा नाही, तिघीचौघींचा.