उताऱ्यावरचं घुबड

प्रशांतच्या वरच्या दाताचा टवका उडालेला होता, आणि तो कशानं उडाला हे मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बाहुल्या वाजवून! हसू नका. पार्सल ऑफिसातला चांगला कामसू कारकून, पण रविवारी दुपारी जेवण झालं की खाटेवर मांडी ठोकून बसायचा आणि बोटभर उंचीचा प्लॅस्टिकचा बिबट्या दातावर आपटून कान देऊन ऐकायचा. बायको माया कपाळाला हात लावायची.

त्या वर्षांत टीव्हीवर रविवारी सकाळी 'रानसेना' नावाचं एक जुनं परदेशी कार्टून हिंदीत करून दाखवायचे. पाच वीर. धड माणसाचं, तोंड जनावराचं. बिबट्या, गवा, साळिंदर, मुंगूस आणि घुबड. पोरं तर वेडी झालीच, पण प्रशांतसारखी घोडी झालेली माणसंसुद्धा अंघोळ सोडून टीव्हीपुढं बसायची. या पाचांच्या परदेशी बनावटीच्या मूर्त्या मुंबईहून यायला लागल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ डुप्लिकेट मालाचा पूर आला. खरं कुठलं, खोटं कुठलं, ते सांगायला सांगली-साताऱ्याकडच्या शौकिनांना एकच माणूस माहीत होता. गार्डच्या हाती पुडकी यायची. प्रशांत गुडघ्याचा सांधा वाकवून बघायचा, तळपायाचा शिक्का नखानं चाचपायचा, रंग पुन्हा मारलाय का ते उन्हात धरून बघायचा, आणि शेवटी दातावर वाजवायचा. खरा माल टक्क करतो, खोटा थप्प करतो. त्यानं एकदा थप्प म्हटलं की संपलं. मग कुणी कितीही हुज्जत घालो, गडी हलायचा नाही.

त्याची पाच वर्षांची पोरगी पिंकी शेजारी बसून हुबेहूब तेच करायची. गव्याचं शिंग दातावर आपटायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची, "पप्पा, हे खोटं हाय!" बहुतेक वेळा बरोबर निघायचं. आल्यागेल्याला कौतुक वाटायचं. आजी भामाबाईंची मात्र एक अट होती: दुसऱ्याच्या घरची वस्तू आधी मोरीत साबणानं धुवायची, मग तोंडाजवळ न्यायची. प्रशांत ती अट मोडत नसे.

भामाबाईंची अट मोडण्याची कुणाची टापच नव्हती म्हणा. कोरेगावकडच्या गावात, छप्पन साली, नवी नवरी असताना त्यांनी नवऱ्याबरोबर धम्म घेतला आणि सासरचे सगळे देव पाटीत भरून स्वतः नदीत सोडून आल्या. तेव्हापासून त्यांच्या घरात लिंबू फक्त सरबताला आलं. मायानं एकदा शेजारणीचं ऐकून पिंकीच्या मनगटाला काळा दोरा बांधला, तर म्हातारीनं विळीवर कापून टाकला आणि दोन दिवस सुनेशी बोलली नाही. "ज्या खड्ड्यातनं वर आलो, त्यात परत पाय घालायचा न्हाई," एवढंच म्हणाल्या. प्रशांतला याचा मोठा अभिमान होता. देवाला तो भीत नव्हता, भुताला भीत नव्हता. आईला मात्र लय भ्यायचा.

रानसेनेतले चार वीर त्याच्या काचेच्या कपाटात उभे होते. घुबड नव्हतं. कसं असणार? घरात पोराच्या हाती कोण घुबड देईल? सांगलीच्या दुकानदारांनी पेटीतली घुबडं आल्यापावली परत पाठवली होती. म्हणून तर ते सगळ्यांत दुर्मीळ. त्या रिकाम्या पाचव्या जागेकडं बघून प्रशांतचा जीव तुटायचा. स्वप्नातसुद्धा घुबड यायचं, म्हणा ना.

जयराज हा त्याचा शौकीन दोस्त. सांगलीजवळच्या गावात घरचा ऊस, चुलते फौजेत, आणि याला मूर्त्यांचा नाद. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक मुंगूस दाखवायला आला होता. दोघं चहाला निघाले, ते मोठ्या दवाखान्याच्या मागच्या तिठ्यावरून. आणि प्रशांत गपकन थांबला.

तिठ्यावर पत्रावळ होती. तिच्यावर दहीभात, अर्धं लिंबू, हळदकुंकू, आणि भातात गुडघ्यापर्यंत रोवलेलं घुबड. रानसेनेतलं. पिवळे डोळे, पाठीवर पंख, सगळं जिथल्या तिथं.

"चल रं," जयराजनं त्याचा दंड धरला. "कुणाचं तरी पोरगं आजारी हाय. उतारा हाय तो. बघू बी नको."

"जया, आरं खरं हाय ते. हितनं दिसतंय."

"आसू दे. तुमच्यात मानत न्हाईत, म्हाईत हाय मला. पर काय गरज हाय का? शिवू नको, गड्या."

'तुमच्यात' हा शब्द प्रशांतला कुठं लागला ते त्यालाच ठाऊक. आता तो मागं फिरला असता तर एका पत्रावळीला भ्याला असता, तेही जयराजसमोर. तो वाकला, घुबड उपटलं, बोटानं भात झटकला आणि जयराजच्या डोळ्यांत बघत, न धुता, सरळ दातावर वाजवलं.

टक्क!

"बघ," तो हसला. "काय झालं मला? मेलो?"

जयराज हसला नाही. चहाही प्यायला नाही. तसाच स्टँडकडं चालता झाला.

आता घुबड हाती आलं, पण घरी न्यायचं कसं? पंखांच्या सांध्यात कुंकू बसलेलं. आईनं बघितलं तर विचारणार, कुठनं आणलं? आणि उताऱ्याची वस्तू घरात शिरली म्हटल्यावर, भले न घाबरता आणली असली तरी, म्हातारी त्याला उंबऱ्यात उभं करणार नव्हती. मोरीत धुवायला न्यावं तर आई मोरीशीच भांडी घासत बसलेली. प्रशांतनं घुबड ऑफिसच्या पिशवीत, डब्याखाली दडवलं आणि वर कापड घातलं. संध्याकाळी धुऊ म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आईची अट मोडली होती.

संध्याकाळी तो हातपाय धुऊन आला तेव्हा पिंकी पिशवीपाशी उभी होती. बाप रोज लिमलेटची गोळी आणायचा, ती शोधायची तिची सवय. तिच्या हातात घुबड होतं, आणि घुबडाची चोच तिच्या दातांत.

"पप्पा, खरं हाय!" पोरीचा चेहरा नुसता फुलला होता.

प्रशांतनं झडप घालून ते ओढून घेतलं. तो भ्याला होता, पण कशासाठी? पोरीसाठी नव्हे. आई स्वयंपाकघरात होती म्हणून. "आजीला सांगायचं न्हाई हं," तो कुजबुजला. "आपलं दोघांचं गुपित."

पिंकीनं शहाण्यासारखी मान हलवली.

तीनचार दिवस गेले. प्रशांतनं घुबड चोरून साबणानं दोनदा धुतलं, आणि झालं, पाप फिटलं असं त्याला वाटलं. मग एका सकाळी पिंकी उठलीच नाही. अंगात कसकस, घसा दुखतो म्हणाली. पाणी गिळताना तोंड वाकडं करायची. संध्याकाळी आवाज बसला. भामाबाईंनी तिला उचललं आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडं नेलं. प्रशांत आणि माया मागोमाग.

डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा बघितला. परत बघितला. मग खुर्ची पुढं ओढली.

"पांढरट चट्टा दिसतोय. सगळे डोस झालेत का हिचे?"

"शेवटचा ऱ्हायला," माया म्हणाली. "तवा ताप होता, मग ह्यांची बदली झाली."

"हल्ली मोठ्या दवाखान्यात घटसर्पाच्या दोनतीन केसेस आल्यात. म्हणून विचारतो. कुणा आजारी मुलाबरोबर ही खेळली का? तसल्या मुलाचं काही खेळणं, भांडं हाताळलं, तोंडात घातलं?"

खोलीत पंखा फिरत होता. प्रशांतच्या डोळ्यांसमोर तिठा आला, पत्रावळ आली, दवाखान्याची मागची भिंत आली. जयराजचं वाक्य आलं: कुणाचं तरी पोरगं आजारी हाय. त्याला सगळं कळलं, त्याच क्षणी कळलं. पण आईचा हात पिंकीच्या पाठीवर होता आणि आईचे डोळे त्याच्याकडं होते.

"न्हाई," तो म्हणाला. "तसलं काय न्हाई."

डॉक्टर पिंकीकडं वळले. "काय गं बाळ, कुणाचं काही तोंडात घातलं होतंस का?"

पिंकीनं बापाकडं बघितलं. आणि मान हलवली. नाही.

काय म्हणावं अशा बापाला! पोरगी गुपित राखत होती, आणि हा ते तिला राखू देत होता.

"मग टॉन्सिल असतील," डॉक्टर म्हणाले. "औषध देतो, दोन दिवस बघू. वाढलं तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या."

घरी आल्यावर प्रशांतनं दोनदा चप्पल घातली. एकटं जावं, सांगून यावं. एकदा तर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या पायरीपर्यंत गेला. आत क्वार्टर्समधल्या चार बायका बसल्या होत्या. भामाबाईंचा लेक उतारा उचलून आणतो, ही गोष्ट घरी त्याच्या आधी पोचली असती. आणि डॉक्टर टॉन्सिल म्हणालेतच की! तो परत फिरला. येताना लिमलेटच्या गोळ्या आणल्या. पिंकीला त्या गिळवेनात. मग त्यानं हळूच घुबड तिच्या उशाखाली सरकवलं. पोरगी हसली, आवाज न करता.

दोन दिवसांनी पिंकीची मान सुजून हनुवटीला टेकली. श्वास घेताना घशातून घरघर यायला लागली. रजईत गुंडाळून तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी एकदा बघितलं आणि ओरडल्या, "इतके दिवस काय करत होता?" सिरम टोचलं. मग म्हणाल्या, विष हृदयापर्यंत गेलेलं दिसतंय, हे सिरम दोन दिवस आधी मिळायला हवं होतं. सगळ्यांना व्हरांड्यात काढलं आणि दार लावलं.

व्हरांड्यात जतकडची एक बाई बसली होती, सुलाबाई. तिचा मुलगा सिद्धू बरा होऊन समोर हिंडत होता, भिंतीवर बोटानं रेघा ओढत. त्याला आज घरी सोडणार होते. बाई आनंदात होती, म्हणून बोलत सुटली.

"भिऊ नगासा, आजी. माझं पोरगं बी असंच पडलं हुतं. माझ्या भावानं मुंबैवरनं एक घुबड आणलं खेळायला. मेलं अवदसा! ते घरात आलं आन पोरगं पडलं. मग मी अवसंला ते उतरून टाकलं, हितल्या मागच्या तिठ्यावर. सकाळी बघाय गेलं तर घुबड न्हाई! कुणीतरी उचललं. त्याच दिशी पोराचा ताप उतरला बगा. ज्यानं उचललं त्यानं दुखणं नेलं. देव त्याचं भलं करू."

"आगं, सुईनं बरा झाला त्यो," भामाबाई म्हणाल्या, सवयीनं. आणि थांबल्या. पिंकीला गुंडाळताना रजईच्या घडीतून काहीतरी खाली पडलं होतं. त्यांनी ते उचलून कमरेला खोचलं होतं. आता त्यांनी ते बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं. पंखाच्या सांध्यात अजून लालसर रेघ होती.

"हेच व्हय?"

सुलाबाईच्या तोंडून किंकाळी निघाली. पोराला ओढून ती व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पळाली.

भामाबाई लेकाकडं वळल्या. प्रशांत वाट बघत होता, आता विचारणार, का उचललंस? त्याचं उत्तर त्याच्याकडं तयार होतं. आई, मी भ्यालो न्हाई, तूच शिकवलंस. पण म्हातारीनं ते विचारलंच नाही.

"डॉक्टरनं इचारलं तवा का बोलला न्हाईस?"

दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मायाचा हात हातात घेतला. मायानं जो टाहो फोडला तो ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली.

घुबड दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर जाळलं. तिसऱ्या दिवशी जयराज भेटायला आला. खाटेवर प्रशांतशेजारी खाली मान घालून बसला. समोर कपाटात चार वीर उभे होते.

"मी सांगितलं हुतं रं तुला," तो म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. "उतारा उचलू नको म्हणून."

बुडत्याला फळी दिसावी तसं प्रशांतनं वर बघितलं. किती दिवसांनी कुणीतरी त्याला धरायला काहीतरी दिलं होतं. उतारा! बाहेरचं काहीतरी, माणसाच्या हातात नसलेलं. "व्हय, जया," तो घाईघाईनं म्हणाला. "उताऱ्यानंच नेली माझी पोरगी. उताऱ्यानंच."

भामाबाई दारात उभ्या होत्या. लेकाच्या डोक्यावरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं असणार, आईच ती. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"ह्या घरात उताऱ्याचं नाव घ्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "पोरगी घटसर्पानं गेली. आन तू गप बसलास म्हणून गेली."

मग त्या आत गेल्या आणि भांडी घासायला बसल्या.