एकाच लेबलच्या चार पट्ट्या

बाजारात त्याला सगळे कासव म्हणत, आणि तो विकत असे वेग. या विसंगतीचं त्याला स्वतःला कधी हसू आलं नाही. ते काम बाजाराने त्याच्या वतीने केलं होतं.

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं त्याचं दुकान जिन्याखालचं, अरुंद. पुढे काउंटर, मध्ये पडदा, आणि पडद्यामागे एका टेबलावर डब्याबाहेर मांडलेलं उघडंवाघडं मशीन. दुकानात येणारी रॅमची प्रत्येक पट्टी आणि माहिती साठवून ठेवणारी प्रत्येक एसएसडी आधी या टेबलावर जाई. रॅमला तो रात्रभर एकच काम लावून देई: हे लक्षात ठेव, आता सांग, हे लक्षात ठेव, आता सांग. सकाळी एक जरी चूक निघाली तरी पट्टी परत. एसएसडी तो काठोकाठ भरून बघे.

"डब्यावरचा वेग खोटा नसतो," तो गिऱ्हाइकाला सांगे. "पाहुणे येणार म्हटल्यावर घर जेवढं आवरलेलं असतं, तेवढा तो खरा असतो."

स्वस्तातल्या एसएसडी थोडा वेळ सुसाट धावत आणि मग धापा टाकू लागत. काही महागातल्याही टाकत; फक्त त्यांचे डबे देखणे असत. नवीन कॉम्प्युटर घ्यायला आलेल्या माणसाच्या जुन्याच कॉम्प्युटरमध्ये एक साधी, पण तपासलेली एसएसडी घालून त्याला घरी पाठवणं, हे कासवाला मनापासून आवडे. धंद्याच्या दृष्टीने हे व्यसनच म्हणायचं.

काउंटरवर धाकटा भाऊ बसे. दोघांच्या वाट्याची जीभ त्याला एकट्यालाच मिळाली होती. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. थोरल्याने कॉलेज सोडून दुकान टाकलं, धाकट्याला शिकवलं, आणि आता त्या शिक्षणाचा सगळा मारा तो रोज स्वतःवर झेलत होता.

"दादा, लोक डबा बघतात, किंमत बघतात आणि घरी जातात. तू त्यांना उद्या या म्हणतोस. ते उद्या येत नाहीत, आजच शेजारी जातात."

"शेजारच्याकडून परत कुठे येतात?"

"आपल्याकडे. रिपेअरला. वैतागून. तोंडं वाकडी करून. त्या गिऱ्हाइकांवर घर चालतं का?"

नव्या बाजारात धाकट्याने काचेच्या दारांचं एक रिकामं दुकान बघून ठेवलं होतं. एकदा दुपारी ताटावर बसल्या बसल्या तो म्हणाला, "ते टेबल तरी जाईल, नाहीतर मी तरी जाईन."

"जेवताना कुणी कुठे जायचं नाही," आई म्हणाली आणि त्याला अजून वाढलं.

विषय तिथे थांबला, पण कासवाच्या डोक्यातून गेला नाही. दुकानाचे दोन तुकडे होण्याची त्याला फारशी भीती नव्हती. पडद्यापलीकडून दिवसभर येणारा धाकट्याचा आवाज बंद होईल, ही होती. त्या आवाजाने त्याला वर्षानुवर्षं बोलण्याच्या कष्टातून सोडवलं होतं, आणि एकटेपणातूनही.

अशात नकाशे काढणारी बाई आली. शहराच्या पाण्याच्या नळांचे नकाशे ती कॉम्प्युटरवर काढत असे. तिच्या मशीनमधलं रॅमच्या दोन पट्ट्यांचं किट कासवानेच निवडून दिलेलं होतं. नकाशे वाढले, मेमरी पुरेना, म्हणून तिला तसंच आणखी एक किट हवं होतं. दुकानात ते होतं: कंपनी तीच, मॉडेल तेच, लेबलवर अक्षराचा फरक नाही. तपासूनही झालेलं.

आता यात एक गोम असते, आणि ती कासवाइतकी कुणाला माहीत नव्हती. लेबल तेच ठेवून कंपनी आतल्या चिपा बदलते. एका किटमधल्या पट्ट्या एकमेकींबरोबर तपासलेल्या असतात, दुसऱ्या किटमधल्या पट्ट्यांबरोबर नाही. म्हणून जुनी जोडी आणि नवी जोडी एकत्र बसवली की चारही पट्ट्या त्याच मशीनवर रात्रभर तपासायच्या, हा त्याचा नियम होता.

बाईला घाई होती. काउंटरमागे धाकट्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि मग मान खाली घातली.

"घेऊन जा," कासव म्हणाला. "काही लागत नाही तपासायला."

धाकट्याने चमकून वर बघितलं. त्या संध्याकाळी त्याने दादासाठी स्वतः चहा आणला, आणि पुढे बरेच दिवस काचेच्या दुकानाचं नाव निघालं नाही.

मग एका सकाळी बाईचा फोन आला. तो धाकट्याने घेतला. काही नकाशे उघडतच नव्हते. काही उघडत होते, पण त्यांतले अर्धे नळ गायब होते. एका नळाने तर रस्ता सोडून थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून वाट काढली होती. फोनवर हात ठेवून धाकटा कुजबुजला, "सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल, असं सांगू?"

"मशीन घेऊन यायला सांग."

कासवाने पहिली जोडी तपासली. निर्दोष. दुसरी तपासली. तीही निर्दोष. चारही एकत्र बसवल्या आणि स्क्रीनवर लाल ओळींची रांग लागली. पट्ट्यांचा वेग उतरवला तेव्हा रांग थांबली. चौघी गुण्यागोविंदाने नांदू लागल्या. म्हणजे इतके दिवस रॅम मधूनच चुकीचं सांगत होती, आणि एसएसडी ते चुकीचंही तितक्याच वेगाने, तितक्याच इमानाने लिहून ठेवत होती. बाई रोज दुसऱ्या एसएसडीवर कॉपी काढत असे. त्या कॉप्याही बिघडलेल्या नकाशांच्या होत्या, मात्र हुबेहूब.

"चारही पट्ट्या चांगल्या आहेत ना?" धाकटा म्हणाला. "मग आपलं काय चुकलं? कंपनीवर टाक."

"मी एकत्र तपासल्या नव्हत्या."

"का नव्हत्या? एरवी तर पंखासुद्धा तपासल्याशिवाय लावत नाहीस!"

"तू घड्याळाकडे बघत होतास."

धाकट्याला हे समजायला थोडा वेळ लागला. "अरे, मग ओरडायचं माझ्यावर! गप बस म्हणायचं!"

"तू गेला असतास," कासव म्हणाला.

धाकट्याने फोन उचलला आणि बाईला बोलावून घेतलं.

बाई आल्यावर कासवाने तिला सगळं सांगितलं, न सांभाळता, न सजवता. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं असं होऊ शकतं."

"हो."

"ती पूर्वेकडची सगळी वस्ती मी पायी फिरून मोजली होती." ती म्हणाली. "खरं बोललात, ठीक आहे. त्याने माझे नळ परत येत नाहीत."

"नाही येत," कासव म्हणाला. "याच चार ठेवायच्या तर वेग उतरवावा लागेल. नाहीतर एक जोडी काढायला हवी."

"काढा. मला हळू काम परवडत नाही आणि चुकीचं तर नाहीच नाही."

त्याने दोन्ही जोड्या काढल्या, मुळातच चार पट्ट्यांचं असलेलं एक किट बसवलं आणि तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं. ती आली, मशीन घेऊन गेली, आणि पुन्हा कधी त्या दुकानाची पायरी चढली नाही.

ती गेल्यावर कासव काउंटरच्या बाहेरच्या बाजूला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभा राहिला.

"नव्या बाजारातलं ते घेऊन टाक," तो म्हणाला.

"घालवतोयस मला?"

"तू इथे असशील तोवर मी तुझ्या तोंडाकडे बघून काम करणार. एकदा केलं. दुसऱ्यांदा काय होईल, सांगता येत नाही."

"मी नाही बघणार घड्याळाकडे. शपथ."

"अरे, तू बघितलंस म्हणून नाही. मी भ्यायलो म्हणून."

धाकट्याने तोंड फिरवलं आणि काचेवरची नसलेली धूळ पुसायला घेतली. बराच वेळ पुसली. मग म्हणाला, "काउंटरवर कोण बोलणार? तू? गिऱ्हाईक रडेल."

"रडू दे," कासव म्हणाला.

धाकट्याने महिना उलटायच्या आत दुकान थाटलं. आई दोन्हीकडे डबा पाठवू लागली आणि दोन्हीकडे सांगू लागली की दुसरा वाळलाय.

कासव आता काउंटरवरही बसतो. बोलणं त्याला अजून जमलेलं नाही. परवा एकजण एसएसडी घ्यायला आला आणि उद्या या म्हटल्यावर उखडला.

"आजच हवी असेल तर नव्या बाजारात माझ्या भावाचं दुकान आहे," कासव म्हणाला.

"तिथे तपासलेला माल मिळतो का?"

कासवाने पडद्यामागच्या टेबलाकडे बघितलं.

"त्याला तपासता येतं," तो म्हणाला. "तुम्ही तपासून मागा. मागितलं तर करेल तो. उभे राहा मात्र तिथेच."

गिऱ्हाईक नव्या बाजाराच्या दिशेने निघालं. ते कोपऱ्यावर वळेपर्यंत कासव दारात उभा होता.