आत्या, मी आणि बन्नूरच्या शिंप्याचा दावा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुवेंपुनगरच्या आमच्या घरात स्टुलावर चढून पंखा पुसत होतो. "वत्सलाआत्या गेली रे, दुपारची कॉफी व्हायच्या आत," चुलतभाऊ म्हणाला. मी उतरायला गेलो आणि स्टूल डुगडुगलं. पडलो नाही, पण पहिला विचार आला तो असा की, पडलो असतो तर आत्यानं विचारलं असतं, "स्टुलाचा पाय आधीपासून हलत होता? तुला ठाऊक होतं? मग चूक कोणाची?" ... दीड महिना झाला, अजून प्रत्येक ठेचेला तिचा आवाज येतो.

आत्या म्हैसूरच्या कोर्टात वकील होती. आमचे पूर्वज राजाच्या घोडदळात. म्हणजे लोकांना जखमा करायची घराण्याची परंपरा जुनीच, भरपाई मागायची सुरुवात मात्र आत्यानं केली. पायरीवर पाय ठेवायच्या आत बस सुटून पडलेली म्हातारी, शेजाऱ्याचं कुत्रं चावलेला पोस्टमन, शेजारच्या झाडावरचा नारळ डोक्यात पडलेले पेन्शनर, असले सगळे तिच्याकडे यायचे. त्या पेन्शनरांना तिनं विचारलं होतं, "झाडावरचे वाळलेले नारळ उतरवा म्हणून शेजाऱ्याला आधी बजावलं होतं का? बजावलं असेल तर तो सुटत नाही." एका लग्नात नवऱ्यामुलाचे मामा घसरून पडले. सगळे पाणी आणायला धावले. आत्या वाकली, फरशीवर बोट फिरवलं आणि हुंगलं. "तूप!" ती म्हणाली. "कार्यालयवाल्यांनी पुसायला माणूस ठेवला होता की नाही?" मामा आडवेच. "अहो बाई, आधी मला उठवा, मग विचारा!"

आता माझी गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, नोकरी नवी, स्कूटर नवी. बन्नूरचा एक शिंपी, शिवण्णा, दोरा आणि अस्तर घ्यायला म्हैसूरला आला होता. त्याला मी भर दुपारी उडवला. तो उजव्या हातावर पडला, उठला, धूळ झटकली आणि म्हणाला, "परवागिल्ला सार, काही नाही झालं." मीही चांगल्या घरचा! त्याला हळद लावली, दोन इडल्या आणि कॉफी दिली, बन्नूरच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली. आमच्याकडे अपघात असाच मिटतो. दोघांनी एकमेकांना 'काही नाही हो' म्हणायचं, झालं. डॉक्टर नाही, पोलीस नाही. आपण किती सभ्य, असं मनाशी म्हणत मी शीळ घालत घरी आलो.

दोन महिन्यांनी शिवण्णा दारात उभा. मनगट वाकडंच सांधलं होतं, कात्री धरवत नव्हती. भांडायला नव्हता आला. कोणी चांगला डॉक्टर माहीत आहे का, एवढंच विचारायला आला होता. आत्या आमच्याकडे अवरेकाय सोलत बसली होती. तिनं शेंगा बाजूला सारल्या.

"नेमकं झालं काय रे?"

"गाय आडवी आली, आत्या."

"रंग?"

"पांढरी."

"कुठून आली?"

"डावीकडून."

"डावीकडे तर कापडदुकानाची काच आहे. काचेतून आली?"

मी शेंगा सोलायला घेतल्या. आत्या शिवण्णाला कानडीत म्हणाली, "ह्याच्यावर दावा लाव. मी नात्यातली, मला उभं राहता येणार नाही. दुसऱ्या वकिलाचं नाव देते."

बाबा उठलेच. "अक्का, घरच्या पोरावर केस? हुच्चु लागलंय का तुला?"

"वेडी नाही झाले. भरपाई विमा कंपनी देईल. पण दवाखान्याचा कागद नाही, पोलिसांचा नाही, बघणारा कोणी नाही. अपघात झाला हे सांगणारा हा एकच गाढव आहे." मग माझ्याकडे वळून, "तू गाय धरून बसलास तर ह्याचा हातही गेला आणि पोटही गेलं. गायीचा विमा नसतो. पण खरं तेवढंच सांग. त्याच्या दयेपोटी एक शब्द वाढवलास तर मीच तुला खोटा पाडीन."

मोटार अपघातांच्या ट्रिब्युनलमध्ये मी साक्षीला उभा राहिलो. विमा कंपनीचा वकील हसतच आला. "तक्रार दोन महिने उशिरा, आत्या वकील, आणि भाचा आपणहून चूक कबूल करतो. आत्या-भाच्यानं मिळून रचलंय, बरोबर?"

"नाही."

"हा माणूस तुम्हाला किती अंतरावरून दिसला?"

"दिसलाच नाही."

"मग बघत कुठे होता?"

... "काचेत."

"काचेत काय होतं?"

"मी. नवा काळा चष्मा घेतला होता साहेब, कसा दिसतो ते बघत होतो."

सगळं दालन हसलं. न्यायाधीशांनी लेखणी थांबवली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा लिहू लागले. असलं कोणी रचून सांगत नाही, हे त्यांना पटलं असावं. दावा मंजूर झाला.

बाहेर आत्या म्हणाली, "कायद्याचं झालं. आता बन्नूरला जाऊन ये." मी म्हटलं, रविवारी जातो... त्या रविवारला तीसहून जास्त वर्षं झाली. दालनभर लोकांपुढे हसं करून घेणं जमलं, त्या एका मनगटापुढे उभं राहणं जमेना. आत्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. आणि तिनं एखादी गोष्ट न विचारणं म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचे दिवस झाल्यावर मी बन्नूरची बस धरली. दुकानात शिवण्णाची मुलगी कापड बेतत होती, तो टेप धरून मापं सांगत होता. त्यानं मला ओळखलं. मी म्हणालो, "शिवण्णा, चूक माझी होती. मी बघत नव्हतो."

"कोर्टात ऐकलं होतं, सार."

"तुम्हाला सांगितलं नव्हतं."

तो थोडा वेळ टेप गुंडाळत राहिला. "हौदु, खरंय," म्हणाला. "मला नव्हतं सांगितलं." मग त्यानं मला बसायला स्टूल दिलं.

आत्या गेल्याचं मी सांगितलं तेव्हा तो उठला आणि तारेवरून एक पांढरा ब्लाउज काढला. आत्याचा! इतकी वर्षं ती ब्लाउज इथंच शिवायला टाकत होती. "बाई यायच्या, माझा हात धरून फिरवून बघायच्या, आता कुठवर वळतो म्हणून. तुमचं नाव कधी नाही काढलं."

"हा आता कोणाला होईल?" मी विचारलं.

"कोणालाच नाही. मापाचा आहे."

मी तो घरी आणला. बायकोनं हातात घेऊन उलटसुलट पाहिला. शिवण मुलीची, सरळ, सुंदर. हूक मात्र सगळे थोडे तिरके, दोरा गरजेपेक्षा दुप्पट गुंडाळलेला. ते शिवण्णा स्वतः लावत असे, फक्त आत्याच्या ब्लाउजना, असं मुलीनं निघताना सांगितलं होतं. बायकोनं एक हूक ओढून पाहिला. जागचा हलला नाही.