आत्याच्या हॉटेलातला सेनापती

माझ्या आत्याशी ज्याचं कधीच भांडण झालं नाही असा माणूस पुणतांब्यात नव्हता, आणि असलाच तर तो एक तर मुका असणार किंवा पाळण्यातला. स्टेशनासमोर तिचं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे वर पत्रे, खाली तीन बाकं, एक चूल आणि चुलीमागे आत्या. गाडी सुटायच्या आत चहा मिळेल याची खात्री नसे, पण आपलं कुठे काय चुकतं ते मात्र गाडी सुटायच्या आत नक्की कळे. एकदा मनमाडकडे निघालेल्या एका उतारूने चहा फार गोड झाल्याची तक्रार केली. आत्याने त्याच्या चवीपासून सुरुवात केली आणि त्याच्या आईने त्याचे किती लाड केले असतील इथपर्यंत येऊन पोहोचली. तेवढ्यात गाडीने शिटी दिली. तो उठायला लागला तर म्हणाली, "बसा. दुसरी येतीया. माजं बोलून व्हायचंय." तो गृहस्थ खरोखरच बसला, दुपारी तिच्या हातची पिठलं-भाकरी जेवला आणि पुढे वर्षानुवर्षे त्या लायनीवरून जाताना खिडकीतून तिला नमस्कार करत राहिला.

आतोबा लवकर गेले. एकुलता एक मुलगा सदा पलटणीत भरती झाला. घरात भांडायला कोणी उरलं नाही म्हणून तिने ट्रान्झिस्टर घेतला, असं माझे वडील म्हणत. संध्याकाळच्या बातम्या लागल्या की ती निवेदकाला उलट उत्तरं देई. पाऊस समाधानकारक झाला म्हणाला की, "आलायस का हिकडं कवा?" आणि अगदीच पटेनासं झालं की बटण पिरगाळून "बस गप जरा" म्हणत त्याला शिक्षा करी. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण पेपर दोन घ्यायची, एक सरकारच्या बाजूचा आणि दुसरा विरोधकांचा. दोन्ही बोट ठेवून मोठ्याने वाचायची आणि मग चिमटे लावून दोरीवर शेजारी शेजारी टांगायची. एकाचंच ऐकून निवाडा करायचा नसतो, असं तिचं म्हणणं. निवाडा ती दोघांच्याही विरुद्धच देई, हा भाग वेगळा.

बांगलादेशच्या लढाईनंतरचे ते दिवस. मी श्रीरामपुरात नोकरीला होतो आणि रजा-सुट्टीला आत्याकडे येत असे. असाच एकदा गेलो असताना बातमी आली, की दूरच्या कुठल्याशा देशात बंडखोरांच्या सेनापतीला सरकारी फौजेने गाठून ठार केलं. त्याचं नाव गावात कोणालाच धड घेता येत नव्हतं. पण दिल्लीत एका पक्षाने आनंद व्यक्त केला, दुसऱ्याने निषेध केला, आणि साखर कारखान्याची निवडणूक तोंडावर आलेली, म्हणून पुणतांब्यातही दोन फळ्या पडल्या. एका पेपरात मथळा होता 'क्रूरकर्म्याचा अंत', दुसऱ्यात 'स्वातंत्र्यवीराची हत्या'. आत्याने दोन्ही वाचले आणि नेहमीसारखे शेजारी शेजारी टांगले.

सकाळीच कारखान्याचे संचालक बापूसाहेब पेढ्यांचा पुडा घेऊन हजर झाले. त्यांच्या पाठोपाठ विरोधी पक्षाचे गुरुजी दंडाला काळी फीत बांधून आले. बापूसाहेबांना हॉटेलात पेढे वाटायचे होते. आत्या म्हणाली, हितं न्हाई. त्यावर बापूसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आक्का, तुमचा पोरगा लष्करात, आन तुमाला दुष्मनाचा कळवळा?"

"पोरगा लष्करात हाय म्हनूनच सांगते," आत्या म्हणाली. "उद्या त्याचं काय बरंवाईट झालं तर तिकडं कुनी पेढे वाटू नयेत."

गुरुजींना हे फार आवडलं. मग निषेध म्हणून आज दुकान बंदच ठेवा, असं त्यांनी सुचवलं. आत्या त्यांच्याकडे वळली. "गुरुजी, त्यानं बी कुनाची तरी पोरं मारलीच असत्याल की. त्यांच्यासाठी कवा बंद ठिवलं तुमी?"

मग दोघांनीही दुसऱ्याचा पेपर काढून टाकायला सांगितलं. आत्याने एकही काढला नाही. कुठल्याही गोष्टीवर एकमत न होणाऱ्या त्या दोघांचं तिथे पहिल्यांदा एकमत झालं. आक्काच्या हॉटेलात गावातल्या कोणी पाय ठेवायचा नाही.

आणि खरोखरच कोणी ठेवेना. उतारू येत, पण ते चहा घेऊन पळणारे. रोजची बाकं ओस पडली. आत्याने दुसऱ्या दिवसापासून पेपर बाहेर, रस्त्याच्या बाजूला टांगायला सुरुवात केली. आत येत नाहीत तर जाता-येता वाचू देत. लोक पलीकडून माना उंचावून वाचत आणि ती चुलीमागून त्यांना मोठ्याने उत्तरं देई. मी एकदा म्हणालो, "आत्या, काढून टाक ना ते. आपल्याला काय करायचंय?" ती म्हणाली, "आज काढलं तर उद्या त्यास्नी इचारूनच मला बोलावं लागंल." रोज संध्याकाळी उरलेल्या दुधाला ती विरजण लावी, पण पेपर काही उतरले नाहीत.

पुढे सदा रजेवर आला. आपल्या गावचा जवान येतोय म्हटल्यावर बापूसाहेब आणि गुरुजी दोघेही हार घेऊन स्टेशनावर गेले. सदाने दोन्ही हार घालून घेतले आणि म्हणाला, "चला, आईच्या हातचा च्या घिऊ." जवानाला नाही कसं म्हणणार? दोघेही मुकाट्याने आत येऊन एकाच बाकावर बसले. आत्याने आधण ठेवलं. गुरुजींनी सेनापतीचा विषय काढलाच. सदाचं मत काय? आत्याने ते जुने पेपर जपून ठेवले होते, ते सदापुढे टाकले. सदाने दोन्ही शांतपणे वाचले, पानं उलटून पाहिली आणि विचारलं, "त्याच्यासंगं किती गेले, ते कुनीच लिवलं न्हाई का?"

बापूसाहेबांनी पेढ्यांसारखीच मतंही बरोबर आणलेली असत, पण त्या दिवशी ती निघाली नाहीत. आत्याने दोघांपुढे कप ठेवले. "प्या. निवतोय." दोघांनीही कप उचलले, आणि दुसऱ्या दिवशी बाकं भरली. आत्याने पेपर पुन्हा आत घेतले आणि इतके दिवस न आल्याबद्दल एकेकाला वेगवेगळं फैलावर घेतलं.

पुढे सदा पेन्शनीत निघाला, नगरला घर बांधलं आणि आत्याला घेऊन गेला. मीही तोवर नगरला बदलून आलो होतो. शहरात तिचे फार हाल झाले. शेजारी तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत. म्हातारीशी कोण भांडणार? मी मात्र रविवारी जाऊन मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलत असे, आणि ती उशीवर कोपर टेकून माझा समाचार घेई. शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा मी सांगितलं, की पुणतांब्यापेक्षा नगरचा चहा चांगला. ती माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "व्हय बाबा, आसंल."

मी बाहेर येऊन सदाला म्हणालो, डॉक्टरांना बोलव.