पावणेपाचची गाडी आणि अर्धा गुण

शनिवारी सकाळी देवरुखच्या स्टँडवरून रत्नागिरीची गाडी धरली, तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, दोन चष्मे आणि एकोणपन्नास वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला एक कागद होता.

"आजी, रत्नागिरीला लेकीकडे काय?" कंडक्टरने विचारलं.

"नाही हो, स्पर्धेला."

"कसली, मोदकांची?"

"बुद्धिबळाची."

त्याने तिकीट फाडून हातात दिलं आणि हातखंब्याचा फाटा येईपर्यंत दर दहा मिनिटांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मीही दर वेळी हसून दाखवलं. अडुसष्टाव्या वर्षी लोकांना बुचकळ्यात टाकण्यासारखं दुसरं सुख नाही.

दिवाळी नुकतीच सरली होती. खालच्या मळ्यांतून भात कापून झालं होतं आणि वर सड्यावर (डोंगरमाथ्यावरचं कातळाचं सपाट रान) गवत पिवळं पडून एका बाजूला झुकलं होतं. हा रस्ता मी आयुष्यात शेकडो वेळा केला आहे. पण पटासाठी असा याआधी एकदाच केला होता, एकोणिसाव्या वर्षी, दोन वेण्या घालून.

स्पर्धा शहरातल्या एका मंगल कार्यालयात होती. जिथे एरवी पंगती बसतात तिथे टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर पट आणि पटाशेजारी घड्याळ. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. घड्याळ एकच, पण त्यात वेळा दोन. आपण चाल केली की बटण दाबायचं, म्हणजे आपला वेळ थांबतो आणि समोरच्याचा पळू लागतो. इथे प्रत्येकाला एक तास होता आणि प्रत्येक चालीला वर तीस सेकंदांची भर. वेळ संपला की डाव गेला, मग पटावर तुमचं सैन्य कितीही असो. जिंकलं तर एक गुण, हरलं तर शून्य, आणि दोघांनी मान्य करून हात मिळवला तर बरोबरी, अर्धा अर्धा.

आमच्या वेळी घड्याळ काट्यांचं असायचं. तास भरत आला की मोठा काटा एक इवलंसं लाल निशाण उचलून धरायचा, आणि ते पडलं की सगळं संपलं. नव्या घड्याळात नुसते आकडे. निशाण नाही, टिकटिक नाही. वेळ संपतो तोही गुपचूप.

पहिल्याच फेरीत पंचांनी मला पकडलं. मी चाल आधी कागदावर लिहायची आणि मग पटावर करायची. पूर्वी सगळे तसंच करत. "काकू, आता आधी खेळायचं, मग लिहायचं," पंच हळूच म्हणाले. म्हटलं, संसारात तर आम्ही तसंच केलं, पटावरही जमेल. पहिला डाव जिंकले, दुसरा हरले, तिसरा पुन्हा जिंकले.

मुक्काम सुमनकडे होता. सुमन माझी मामेबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, लग्न होऊन रत्नागिरीत आली ती इथलीच झाली. तिने घावनं (तांदळाची पातळ जाळीदार धिरडी) आणि गूळ घातलेला नारळाचा रस केला होता. दोन खा म्हणाली, मी पाच खाल्ली. मग तिच्या लेकाने आम्हा दोघींना गाडीने आरे-वारेच्या समुद्राकडे नेऊन सोडलं.

तिथे रस्ता डोंगराच्या कडेने वर चढतो आणि एका वळणावर दोन्ही किनारे एकदम खाली दिसतात, मध्ये डोंगराचं नाक. सूर्य टेकायला आला होता. बाकी लोक फोटो काढत होते. सुमन म्हणाली, "काय गो आक्का, या वयात ही काय हौस? तेव्हाच तर तू चिपळूणच्या त्या चॅम्पियनशी बरोबरी केलीस. सगळ्या देवरुखाला माहीत आहे."

सगळ्या देवरुखाला माहीत आहे, कारण मीच सांगितलं. लग्नात सांगितलं, हळदीकुंकवांत सांगितलं, मुलांना झोपवताना सांगितलं. आमचे हे तर पाहुण्यांशी ओळख करून देतानाही तेच सांगत.

पिशवीतला पिवळा कागद काढून मी सुमनच्या हातात ठेवला. त्या डावाच्या चाली. "सुमे, ती बरोबरी नव्हती. माझा एक हत्ती जास्त होता आणि त्या मुलाच्या घड्याळाचं निशाण पडायला आलं होतं. मी नुसती गप्प बसले असते तरी जिंकले असते."

"मग?"

"मग काय? तू दारात उभी राहून पावणेपाचच्या शेवटच्या गाडीसाठी हातवारे करत होतीस. आणि मला वाटलं, बिचारा, एवढ्या मुलांसमोर एका मुलीकडून हरायचा. म्हटलं, 'बरोबरी घ्यायची का?' माझं वाक्य संपायच्या आत त्याने हात पुढे केला होता. आणि मी बावळट, 'थँक्यू' म्हणाले! मी!"

सुमनने कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग म्हणाली, "आणि गो, ती गाडी पाऊण तास उशिरा आली होती."

"आली होती ना! शेंगा खात बसलो होतो आपण."

आम्ही दोघी इतक्या हसलो की फोटो काढणारे आमच्याकडे बघायला लागले. हसून झाल्यावर मी तिला सांगितलं की उद्या काहीही झालं, कुणीही विचारलं, तरी मी डाव मध्येच सोडून हात मिळवणार नाही. मी त्यासाठीच आले आहे.

रविवारी सकाळची फेरी हरले. शेवटची फेरी दीडला. समोर लांज्याचे कांबळे सर, शाळेत गणित शिकवतात, पन्नाशीचे, अत्यंत सभ्य. आता आमच्याकडच्या स्पर्धांची एक रीत सांगते, ती कुठल्या नियमात नाही. शेवटच्या फेरीत गावोगावच्या खेळाडूंच्या खिशात एसटीचं वेळापत्रक असतं. गाडीला अर्धा तास उरला की टेबलाटेबलांवर हात मिळू लागतात. डाव कुठे आहे हे कुणी बघत नाही, गाडी कुठली आहे हे बघतात.

सव्वाचारला सरांनी चाल केली, खोकले आणि म्हणाले, "काकू, बरोबरी? पावणेपाचला तुमची देवरूख आहे, माझी लांजाही तेव्हाच."

पटावर माझं एक प्यादं जास्त होतं. दोघांच्या घड्याळात वेळ जेमतेम उरला होता. माझ्या पायांना चक्क स्टँडकडे निघाल्यासारखं झालं. शरीराला सवयी किती वर्षं लक्षात राहतात पाहा.

"सर," मी म्हटलं, "ती गाडी मी एकदा पकडली आहे." आणि चाल केली. आधी खेळले, मग लिहिलं.

मोहरी संपत गेली. साडेचार झाले, पावणेपाच झाले. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली, खुर्च्या मिटण्याचे आवाज येऊ लागले. सरांनी पुन्हा तोंड उघडलं, मी चष्म्यावरून पाहिलं, त्यांनी मिटलं. दोघंही आता त्या तीस-तीस सेकंदांच्या भरीवर जगत होतो. शेवटी उरले दोन राजे आणि माझं एक प्यादं. ते टोकाला पोचलं की वजीर होणार आणि मी जिंकणार.

देवरुखला मी वाड्यावस्त्यांवरच्या पोरांना फुकट शिकवते. पहिला धडा हाच, की राजा आधी, प्यादं त्याच्या मागून. हजार वेळा ओरडले असेन. घड्याळात सात सेकंद होते. सहा, पाच. आणि माझ्या हाताने प्यादं पुढे ढकललं.

बटण दाबतानाच कळलं. सरांनाही कळलं, त्यांनी खांदे सैल सोडले. त्यांचा राजा बरोबर वाटेत येऊन उभा राहिला. तेव्हाही हात मिळवता आला असता. मी नाही मिळवला. खेळत राहिले, ते चुकतात का बघत राहिले. ते चुकले नाहीत. शेवटी त्यांनी माझं प्यादं खाल्लं आणि पटावर दोन राजे उरले, एकमेकांना काहीही न करू शकणारे.

"काकू, आता तरी हात मिळवा," पंच म्हणाले. "खेळायला काही उरलं नाही."

आता मिळवला. सरांचा हात गार पडला होता, माझाही.

आणि पावणेपाचची गाडी? या वेळी ती पावणेपाचलाच सुटली होती, मिनिटाचाही उशीर नाही. स्टँडवर बटाटेवडे घेऊन सर आणि मी बाकावर बसलो.

"राजा आधी होता ना, काकू?"

"होता. मिरची खा."

"माझी तर पाचावर धारण बसली होती. तुम्ही बरोबरी नाही म्हणालात तेव्हाच वाटलं, गेला डाव."

हे ऐकून वडा फारच चांगला लागला.

सहाच्या सुमारास मिळेल त्या गाडीने हातखंबा गाठला. तिथे आमच्या वाटा फुटल्या. "पुढच्या वर्षी?" सर म्हणाले. "या," म्हटलं, "फक्त वेळापत्रक घरी ठेवून या." गाडीत बसते तोच सुमनचा फोन. "काय झालं गो?"

"बरोबरी."

"पुन्हा?"

"घरी गेल्यावर सांगते."

घरी आल्यावर दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले. दोन्हींवर माझ्या नावापुढे अर्धा. जुन्यात एकतीस चाली आहेत. नव्यात जागा संपून मागच्या बाजूला गेलेल्या, खाडाखोड केलेल्या, शेवटच्या तर मलाही वाचता येत नाहीत. जुन्या कागदाच्या तळाशी एकोणीस वर्षांच्या त्या बाईंची सही आहे. वळणदार, खाली रेघ ओढलेली, रेघेखाली दोन टिंबं दिलेली.

टिंबं द्यायला वेळ होता बयेला.