बोअरच्या पाण्याचे दात

माझे दात तपकिरी आहेत. तंबाखूला मी आयुष्यात हात लावलेला नाही, हे इथे लिहूनच ठेवतो, कारण तोंडी सांगितलेलं कुणाला पटत नाही. आळेफाट्याच्या पूर्वेला आमचं गाव. माझ्या जन्माच्या वर्षी विहीर आटली म्हणून वडिलांनी काळ्या खडकात खोल बोअर मारलं आणि सगळी आळी तेच पाणी पिऊ लागली. त्या खडकातलं फ्लोराइड पाण्यातून आलं आणि थेट माझ्या दातांत मुक्कामाला बसलं. वडील विहिरीच्या पाण्यावर वाढलेले, त्यांचे दात साठीतही पांढरेशुभ्र.

माझं लग्न काही जमेना. फोटोत ओठ मिटले तर लोक म्हणायचे, मुलगा घुम्या दिसतो. हसलो की नकार. अशात आंबेगावच्या डोंगरातलं एक स्थळ आलं. मुलगी मला फोटोतच आवडली होती, त्यामुळे या खेपेला जीव अगदी टांगणीला लागलेला. ते लोक मुलीसकट आमचं घर बघायला आले. पोहे खायला मी तोंड उघडलं आणि मुलीच्या मामांनी बशी खाली ठेवली.

"गुटखा का तंबाकू?"

"काय नाय खात. पाण्यामुळं झालंय," मी म्हणालो.

"आमी बी पाणीच पितो, राव."

वडिलांना हे झोंबलं. त्यांनी आळीतली माझ्या वयाची पाच-सहा जणं गोळा करून ओट्यावर उभी केली. "दाखवा रे दात पावण्यांना!" सगळ्यांनी दात विचकले. एकजात तपकिरी. बैलबाजारातही एका वेळी इतके दात कुणी बघत नसेल.

"म्हंजी आख्खं गावच खातंय व्हय!" मामा म्हणाले.

वडील आवेशाने ओरडायला गेले, तर त्यांची पांढरीशुभ्र बत्तिशी दिसली. झालं! बाप निर्व्यसनी, पोरगं वाया गेलेलं, असा निकाल मामांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. मला वडिलांचा इतका राग कधीच आला नव्हता.

तेवढ्यात मुलगीच माझ्या वडिलांना म्हणाली, "बोअर कधी मारलं?"

"ह्याच्या बारशाला."

"मग मामा, आधीच्यांचे पांढरे, नंतरच्यांचे तपकिरी. पाणीच हाय ते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचे दात चालतील मला. पण पोरांना हे पाणी पाजायचं न्हाई."

सुपारी फुटायच्या आत पोरांची अट! मी आनंदाने मान डोलावली.

आमची मुलगी जन्मली त्या दिवसापासून मी रोज सकाळी दोन कॅन घेऊन शेजारच्या गावात जातो. तिथल्या नळाला धरणाचं पाणी येतं. पाठ धरते, पण जातो. वडील अजून सांगतात, बोअरचं पाणी लई गोड. मी वाद घालत नाही.

गेल्या महिन्यात मुलीचे पुढचे पक्के दात पूर्ण वर आले. मी तिला अंगणात उन्हात उभं करून 'आ' करायला लावलं. पांढरे! मला चक्क रडू आलं. बायकोला हाक मारली. तिने एकेक दात नीट निरखला आणि रिकामे कॅन माझ्या हातात दिले.

"दाढा यायच्यात अजून."