न पडता मोडलेला पाय

"हिच्या हातात देऊ नका पोरीला. मी धरते."

एक्सरे रूमच्या दारात उभ्या असलेल्या बाईंनी मला बजावलं. टेबलावर तीन वर्षांची आरोही रडून रडून लाल झाली होती. तिची आई, सोनाली, लेड ॲप्रन घालून तिचे गुडघे धरायला वाकली होती. लेड ॲप्रन म्हणजे शिशाचा जड अंगरखा. पेशंटला जो धरतो त्याच्या अंगात किरणं जाऊ नयेत म्हणून तो घालायचा असतो. सासूबाईंचं बोलणं कानावर पडलं आणि सोनालीनं हात मागं घेतले.

मी यास्मिन मुलाणी. माहेर लासुर्ण्याचं. बारामतीत एका खासगी हॉस्पिटलमध्ये सतरा वर्षं एक्सरे टेक्निशियन आहे. लहान मूल आईनं धरलं की कमी हलतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही.

"मावशी, आईलाच धरू द्या. तुम्ही बाहेर थांबा, मला दार लावायचंय."

"आईनंच पाडलंय तिला," मावशी म्हणाल्या. "हिचं ध्यान असतं तर आमी हितं आलो असतो व्हय?"

मी दार लावलं. सोनालीनं पोरीचे गुडघे धरले. पोरगी शांत झाली.

पहिला एक्सरे मी समोरून काढला. त्याला आम्ही एपी म्हणतो. काही दिसलं नाही. हाड सरळ, कडा स्वच्छ. पण पोरगी उजवा पाय टेकवत नव्हती आणि गुडघ्याच्या जरा खाली बोट लावलं की किंचाळत होती. तीन वर्षांचं पोर दुखण्याचं नाटक करत नाही. मी तिला कुशीवर वळवून बाजूनं दुसरा एक्सरे काढला. हा लॅटरल. त्यात दिसलं. नडगीच्या हाडाची पुढची कड गुडघ्याखाली किंचित दबली होती आणि केसासारखी एक आडवी रेघ गेली होती.

ही रेघ मी ओळखत होते. दीड-दोन महिन्यांत दोन पोरांच्या पायांत मी तीच रेघ, त्याच जागी पाहिली होती. आणि ती दोन्ही पोरं गावाबाहेरच्या नव्या इनडोअर हॉलमधून आली होती. मोठी पत्र्याची शेड, आत ट्रॅम्पोलिन, बॉलचा हौद, दोन बॅडमिंटन कोर्ट, वर खायचे स्टॉल. रविवारी इंदापूरपासूनची माणसं गाड्या भरून तिथं येतात.

"सोनाली, ही कुठं पडली?"

"पडलीच न्हाय वो, ताई." ती माझ्याकडं बघतही नव्हती. "त्या नव्या हॉलमधी जाळीवर उड्या मारत हुती. एकदम बसली आन रडाय लागली. मी उचलली, तोंड धुवाय बाथरूममधी नेली. भाईर आले तर सासूबाई म्हणाल्या, बाथरूममधी तूच पाडलीस. नीट खेळणारी पोरगी आत गेली आन रडत भाईर आली म्हनं."

"जाळीवर तिच्याबरोबर कोण होतं?"

"हिचं पप्पा. आन त्यांचं दोघं मित्र."

इथं थोडं समजावून सांगते. ट्रॅम्पोलिन म्हणजे स्प्रिंगांवर ताणलेली जाळी. ऐंशी किलोचा माणूस तिच्यावर आदळला की जाळी खाली जाते आणि तेवढ्याच जोरानं वर येते. नेमकं त्याच क्षणी बारा किलोचं पोर हवेतून खाली येत असतं. जाळी त्याला मऊ लागत नाही, ती खालून त्याच्या पायावर येऊन आदळते. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि खाली जमीनच लागते, तेव्हा कसा दणका बसतो? तसाच, पण कितीतरी पट जोरात. पोर पडत नाही. उभ्या उभ्या त्याचं हाड दबतं. बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. बाप तर हसत असतो.

मी दोन्ही फिल्म घेऊन डॉक्टरसरांकडं गेले. बाहेर मोटरसायकलवरून पडलेले दोघं बसले होते, सर घाईत होते.

"सर, हे पडल्याचं नाही. अशी ही तिसरी केस. तिन्ही त्या हॉलमधल्या ट्रॅम्पोलिनवरच्या."

सरांनी फिल्म उजेडात धरली. "बारीक फ्रॅक्चर आहे. स्लॅब घालू."

"सर, तिच्या आईवर आळ घेतायत. तुम्ही जरा त्यांना..."

"यास्मिन," सर म्हणाले, "फिल्म तू काढ. रिपोर्ट मी देतो."

नियमानं त्यांचं बरोबर होतं. टेक्निशियननं निदान सांगायचं नसतं. सरांनी घरच्यांना आत बोलावलं. आरोहीचे वडील निलेश, मावशी आणि सगळ्यांच्या मागं सोनाली. सर म्हणाले, "घाबरू नका. कुठंतरी पडली असेल, हाडाला चीर गेलीय. तीन आठवड्यांत भरून येईल."

पडली असेल. सरांच्या दृष्टीनं ते नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य. मावशींनी मान वळवून सुनेकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ऐकलंस? डॉक्टर काय म्हणत्यात?"

निलेश खाली बघत उभा राहिला. आपण मित्रांसह त्याच जाळीवर होतो, एवढं तरी त्यानं बोलावं असं मला वाटलं. तो बोलला नाही. मीही बोलले नाही. स्लॅब, म्हणजे अर्धं प्लास्टर, घालून ते आपल्या गावी, शेळगावला गेले. जाताना पोरीला मावशींनी उचललं होतं.

त्या आठवड्यात माझं कामात लक्ष नव्हतं. राग हॉलवाल्याचा होता, सरांचा होता, आणि खोटं कशाला सांगू, माझा स्वतःचाही होता.

पुढच्या रविवारी माझी बहीण रुखसाना वरकुट्याहून आली. तिची झोया चार वर्षांची झाली होती आणि तिला त्याच हॉलमध्ये जायचं होतं. शाळेत सगळे जाऊन आले म्हणे. मी नको म्हणाले. माझे मिस्टर सलीम म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्टीत एक्सरे दिसतो." मग मीही निघाले. आपल्या डोळ्यांनी बघू, म्हटलं.

दारात एक फॉर्म दिला. इंग्रजीत, बारीक अक्षरात. मागं रांग लागलेली. सलीमनं न वाचता सही केली. आत गाणी एवढ्या जोरात की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. ट्रॅम्पोलिनकडं गेले आणि पायच थांबले. एकेका जाळीवर पाच-पाच, सहा-सहा माणसं. बाप, काका, मामा, त्यांचे मित्र, आणि मधे गुडघ्याएवढी पोरं चेंडूसारखी उडतायत. आया कडेला उभ्या राहून व्हिडिओ काढतायत.

नियमांचा बोर्ड होता. चपलांच्या रॅकमागं, भिंतीला, इंग्रजीत. त्यावर पहिलाच नियम लिहिला होता, एका जाळीवर एकच माणूस.

मी मॅनेजरला गाठलं. चाळिशीचा माणूस, गळ्यात शिट्टी.

"तुमच्याच बोर्डावर लिहिलंय, एका जाळीवर एकच. मग हे काय चाललंय?"

"त्यो बोर्ड कंपनीकडनं आलाय, मॅडम. जाळीसंगंच आला."

"मग पाळत का नाही?"

"फॅमिली येती हितं. बापाला म्हनू का, तू भाईर उभा ऱ्हा? परत येतील का ती लोकं?"

"तीन पोरांचे पाय मोडलेत या जाळीवर. एक्सरे मी स्वतः काढलेत."

तो हसला. "आजपातुर हितं एक पोरगं पडलं न्हाय, मॅडम. चारी बाजूनं गादी हाय. कुणाला बी इचारा."

खरंच होतं त्याचं. कुणी पडलंच नव्हतं. तेवढ्यात त्यानं फॉर्मचा गठ्ठा काढून पुढं केला. "आन सही हाय समद्यांची. काय झालं तर ज्याची त्याची जबाबदारी."

मी उत्तर देणार तोच पाठीमागून "खाला, बघ!" अशी भाचीची हाक आली. वळून बघते तर झोया जाळीवर. आणि तिच्या एका बाजूला तिचा बाप इम्रान, दुसऱ्या बाजूला आमचे सलीम. दोघं मिळून दीडशे किलोच्या वर. तिला उंच उडवायचं म्हणून ठरवून एकदम उड्या मारत होते.

मी चप्पल घालूनच जाळीवर चढले. तिथं चप्पल चालत नाही. शिट्टी वाजली, ती मला. नियम मोडला म्हणून त्या हॉलमध्ये त्या दिवशी वाजलेली ती पहिली शिट्टी असेल. मी झोयाला उचललं, खाली आणलं आणि त्या दोघांना सगळ्यांसमोर काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. गाणं थांबलं होतं. माणसं बघत होती. झोया भोकाड पसरून रडत होती. पाय शाबूत होता तिचा.

परत निघालो. गाडीत सलीम म्हणाले, "सगळ्यांचा मूड घालवलास."

"चांगला घालवला," मी म्हटलं.

सोमवारी ओपीडी सुरू व्हायच्या आधी मी तिन्ही पोरांचे लॅटरल एक्सरे व्ह्यू बॉक्सवर शेजारी शेजारी लावले. व्ह्यू बॉक्स म्हणजे फिल्म बघायची उजेडाची पेटी. सरांना बोलावून आणलं. तीन पाय, तीन रेघा, एकच जागा.

सरांनी तिन्ही फिल्म एकेक करून बघितल्या. एकदा चष्मा काढून पुसला. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, सर."

सर खुर्चीत बसले. माणूस वाईट नाही. घाईत असतो, आणि आपलं चुकलं हे कळलं की गप्प होतो. त्यांनी हॉलच्या मालकाला फोन लावला. मालक दोन दिवसांनी आला, सोबत मिठाईचा बॉक्स. सरांनी बॉक्स उघडलाही नाही. पोरांची नावं झाकून फिल्म दाखवल्या, जाळी खालून कशी आदळते ते समजावलं. मालक म्हणाला, "सर, पोरं म्हटल्यावर लागायचंच. गादी अजून जाड टाकतो."

"गादीचा संबंधच नाही," मी म्हणाले. सरांनी मला अडवलं नाही.

"उगंच बोभाटा नको, एवढंच म्हणतो मी," मालक म्हणाला.

"ठीक आहे," सर म्हणाले. "यापुढं असं मूल आलं की केस पेपरवर तुमच्या हॉलचं नाव मी माझ्या हातानं लिहीन."

आता मालकाचा चेहरा बदलला. तीन पोरांच्या मोडलेल्या पायांनी जे झालं नव्हतं ते कागदावर नाव यायच्या भीतीनं झालं. दहा दिवसांत सहा वर्षांखालच्या मुलांना वेगळी जाळी झाली. मोठ्या अक्षरातला मराठी बोर्ड लागला, तोही दारात.

तीन आठवडे झाले आणि आरोही स्लॅब काढायला आली. मावशींच्या कडेवर. सोनाली हातात पिशवी घेऊन मागून. मी एक्सरे काढला. हाड भरून आलं होतं. फिल्म देताना मी सरांना म्हणाले, "सर, या वेळी तुम्ही सांगा."

सरांनी सगळ्यांना बसवलं. पहिल्या दिवशीची फिल्म लावली, रेघ दाखवली, आणि अगदी सरळ सांगितलं. "पोरगी पडली नव्हती. बाथरूममध्ये काही झालं नव्हतं. मोठी माणसं बरोबर उड्या मारत होती म्हणून हाड दबलं. मी त्या दिवशी पडली असेल म्हणालो. ते चूक होतं."

निलेश म्हणाला, "आमी तिघं हुतो तिच्यासंगं. मला वाटलं, मऊ जाळी हाय, तिच्यानं काय हुतंय."

मावशी भडकल्या. सुनेकडं बघेनात, मुलालाही काही म्हणेनात. माझ्याकडं आणि सरांकडं बघून म्हणाल्या, "मग हे तवाच सांगायचं न्हाय व्हय? आमी अडाणी मानसं. तुमी म्हणला पडली, आमी म्हणलो पडली."

मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता आणि त्यांचं बोलणं खरं होतं.

सोनाली कुणाकडंच न बघता म्हणाली, "तीन आठवडं मला माज्या पोरीला उचलू दिलं न्हाय. रातची रडायची, तरी देईनात. म्हणायचं, परत पाडशील."

मग तिनं पिशवी खाली ठेवली, सासूच्या मांडीवरून आरोहीला उचललं आणि बाहेर निघून गेली. कुणाला विचारलं नाही. मावशींनी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

हॉल चालू आहे. रविवारी गर्दी असते. मी अधूनमधून जाऊन बघून येते. बोर्ड जागेवर आहे, छोट्यांची जाळी वेगळी आहे, तरी पाच मिनिटांत एखादा बाप व्हिडिओसाठी आत घुसतोच. शिट्टी कधी वाजते, कधी नाही. मॅनेजर मला ओळखतो. मी दिसले की वाजते.

सहा वर्षांखालचं मूल जाळीवर एकटंच असू द्या, तुम्ही खाली उभे राहा. त्यात मजा कमी होत नाही. आणि जाळीवरून उतरल्यावर मूल पाय टेकवेना झालं, तर आधी आईच्या हातांकडं बघू नका. वर अजून कोण कोण उड्या मारत होतं, ते विचारा.